वाटीभर करडीचं तेल

आमचे हे लय भित्रे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई, म्हून मी त्यांला भिवरीचे बाबा म्हणते. सोनपेठ भागात बाकी सगळे आश्रुबा ड्रायव्हर म्हणायचे. कुत्रं भुंकलं की हे माझ्या मागं. आभाळ गरजलं की कानात बोटं. डॉक्टरनं सुई काढली की ह्यांचा रंग उडायचा, आन् सुई तर आमच्या भिवरीला टोचायची असायची! लगीन झालं तवा माझ्या भावजया म्हणल्या, मनकर्णे, तुला नवरा न्हाई, ससा मिळाला गं बाई. मी लय चिडले व्हते. पण खोटं कशाला बोलू, ससाच व्हता.

ह्यांच्या घरी मेंढरं. पोरपणी लांडग्याच्या भ्यानं मेंढरांच्या जाळीपाशी, वाघुरीपाशी, रात्री जागून काढलेल्या, म्हून असा झालाय, असं सासूबाई सांगायच्या. पुढं आबासाहेबाच्या शेतावर ट्रॅक्टर शिकले. आबासाहेब म्हणजे आमच्या गावातले मोठे शेतकरी. आवाज असा की हाक मारली तरी शिवी दिल्यावाणी वाटायची. त्यांनी पांढरी मारुती गाडी घेतली तवा ड्रायव्हर व्हायला लय जण आले. एक तर हैदराबादेपर्यंत ट्रक चालवून आलेला. आबासाहेब म्हणले, "मला गाडी पळवणारा नको, घरी परत आणणारा पाहिजे. आश्रुबा भितो, तोच बरा." झालं! साऱ्या गावात भित्रेपणाची नोकरी मिळालेला हाच एक माणूस.

आबासाहेबाच्या वाड्याला लागून गोठा, गोठ्याला लागून आमची खोली. मी घरात आबासाहेबाच्या मंडळीच्या, पार्वतीबाईच्या हाताखाली सैपाकाला. हे सकाळी उठले की गाडीचं तोंड उघडायचे. पाणी बघायचे, इंजनाचं तेल बघायचे आन् मग एक इवलीशी पांढरी टाकी बघायचे. ती ब्रेकची टाकी. तिच्यावर दोन रेघा. पातळी खालच्या रेघेकडं गेली की पत्र्याच्या डबीतून पिवळसर पाणी जरा ओतायचे, झाकण पुसायचे, परत पुसायचे. निघायच्या आधी ब्रेक तीनदा दाबून बघायचे. लोक चिडवायचे, "काय आश्रुबा, गाडीची नाडी बघायलास का?" हे हसायचे, पण तीनदा दाबायचेच.

ही गोष्ट त्या जानेवारीतली, ज्या साली विद्यापीठाचं नाव बदललं. त्यापायी बंद आन् दगडफेक चाललेली, एसटी कवा निघंल, कवा निघायची न्हाई, काही नेम नव्हता. आबासाहेबाची लेक कमलअक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली व्हती. दिवस भरत आलेले. संक्रांतीच्या आठ रोज आधी ह्यांला थंडीताप भरला. दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे. तसल्या तापात मला म्हणले, "आबासाहेबाला सांग, गाडी काढू नका. स्टेरिंगच्या समोर ब्रेकचा लाल दिवा फडफडायलाय. टाकीत कमी झालंय, आन् डबी संपलीया. नवी आणल्याबिगर काढू नका."

मी सांगायला गेले. आबासाहेब पांढरे कपडे घालून सोनपेठच्या बाजारला निघालेले. ऐकलं आन् भडकले. "एका दिव्यापायी गाडी उभी करू व्हय? उठव त्याला! मी येऊन बघतो कसला ताप हाय ते!" ह्यांला उभं ऱ्हायची ताकद न्हाई, आन् आबासाहेब येऊन त्यांच्यावर वरडणार. मी म्हणले, "थांबा जी, मी बघते."

आता माझी अक्कल ऐका. माझ्या बापाच्या घरी बैलगाडी. चाकाच्या आसाला तेल दिल्याबिगर बापानं कवा बैल जुपले न्हाईत. कोरडी गाडी दाराबाहेर काढायची न्हाई, ही आमची रीत. आन् तेल कुठलं? घरचं, करडीचं. बाप बाहेर गेला असला तर माय द्यायची, माय नसली तर मी द्यायची. मला वाटलं, गाडी ती गाडी, तिला तेल कमी पडलंय. सैपाकघरातून वाटीभर करडीचं तेल आणलं. रंग तर अगदी त्या डबीतल्यासारखाच. झाकण काढून वरच्या रेघेपर्यंत ओतलं, ह्यांच्यासारखं दोनदा पुसलं बी. आबासाहेबानं किल्ली फिरवली, आन् काय सांगू, लाल दिवा गेला!

"बघ, गेला की," आबासाहेब म्हणले. "आश्रुबाला उगंच भ्या." आन् गेले. माझी मलाच शाबासकी द्यावी वाटायली. हे बरे झाले तवा टाकी बघून म्हणले, आबासाहेबानं भरून घेतली वाटतं. मी गालात हसले. म्हणलं, सांगीन कवातरी, चांगलं चिडवीन.

संक्रांत झाली आन् दिवा परत लागला. ह्या वेळी फडफडला न्हाई, लागला तो लागूनच ऱ्हायला. पुढची चाकं हाताला चटका बसंल इतकी तापायची. ह्यांची झोप उडाली. गाडी घेऊन गंगाखेडला सिताराम मिस्त्रीकडं गेले. सितारामनं हँडब्रेकाचा दांडा वर खाली करून बघितला, दिवा तसाच. टाकीत नवं तेल भरलं, तरी तसाच. मग टाकीच्या टोपणाला वायर असती ती हलवली, दिवा विझला, परत लागला. म्हणला, "टोपणातला स्विच गेलाय. दिवा खोटा हाय, बाकी गाडी चांगलीय." आन् वायरच काढून टाकली. आता दिवा कवाच लागणार न्हाई. त्याची ही नेहमीची रीत, दिवा त्रास द्यायला लागला की वायर काढ.

सांजंला जेवताना हे मला सांगत व्हते. "दिवा खोटा असंल, पण माझा पाय खोटा न्हाई. ब्रेक पयल्यासारखा लागत न्हाई गं. एकदा दगडावाणी लागतो, एकदा मऊ. त्या टाकीत त्याच्या डबीतल्याबिगर दुसरा थेंब बी जायला नगं. आतली रबरं फुगत्यात आन् ब्रेक जातो. म्हून तर मी झाकणाला कुणाला हात लावू देत न्हाई."

भाकरीचा घास माझ्या घशातच बसला. हे म्हणले, "काय झालं?" मी म्हणले, "ठसका."

ते तीन रोज मी कसे काढले माझं मला ठाव. सांगावं तर आबासाहेब. विहिरीवरची मोटार जळाली म्हून एका गड्याला त्यांनी भर चौकात बडवून गावाबाहेर काढलं व्हतं, ते मी ह्या डोळ्यांनी बघितलेलं. खोली जाईल, काम जाईल, भिवरीला घेऊन कुठं जावं? न सांगावं तर हे रोज त्याच गाडीत बसायलेत. गाडी बाहेर गेली की माझं लक्ष रस्त्याकडं. हॉर्न वाजला की जीव भांड्यात. एकदा कुणी न्हाई बघून मी चिंधी घेऊन गेले, म्हणलं टाकीतलं तेल टिपून काढावं. झाकणाला हात लावला न् मागून आवाज, "काय करायलीस गं?" आबासाहेब! "पुसायले जी," म्हणले. आन् खरंच गाडी पुसत बसले, येड्यावाणी, आबासाहेब जाईपर्यंत.

चौथ्या रोजी दुपारच्या भाकऱ्या चालू व्हत्या आन् कमलअक्का जात्यापाशी खाली बसली. कळा सुरू झालेल्या, आन् लुगडं रक्तानं भिजलेलं. गावची सुईण बायनाबाई आली, बघितलं न् दोन्ही हात जोडले. "माझ्यानं व्हायचं न्हाई. मूल आडवं हाय. गंगाखेडच्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता." पार्वतीबाईनं तिथंच बसकण मारली. एसटी त्या रोजी बंद. ट्रॅक्टर ऊस घेऊन कारखान्यावर. बैलगाडीनं गेलं तर दिवस मावळायचा. राहिली गाडी.

हे पळत गाडीकडं निघाले. मी त्यांचा सदरा धरून गोठ्याच्या मागं वढलं. "त्या टाकीत मी करडीचं तेल ओतलंय," म्हणले. "तुमाला ताप व्हता तवा. वाटीभर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंड पांढरंफटक पडलं. तसेच खाली शेणात बसले. मला वाटलं, आता हे उठत न्हाईत. तिकडून कमलअक्काचं वरडणं ऐकू यायलेलं. हे उठले, हात धोतराला पुसले न् म्हणले, "कुणाला बोलू नको." आवाज फुटतच नव्हता, व्हटावरून कळलं मला.

गाडीपाशी जाऊन आबासाहेबाला म्हणले, "गाडीला ब्रेक न्हाई म्हणा. मी दुसऱ्या गेरात नेतो. हँडब्रेकाची तार वेगळी असती, ती शाबूत हाय. पण जोरात न्यायला सांगू नका."

"तुझं भ्या घरी ठेव!" आबासाहेब वरडले. "माझी लेक मरायलीय!" जल्माचा भित्रा माणूस, त्याचं कोण खरं मानणार? सितारामनं गाडी चांगलीय म्हणलेलं साऱ्यांला माहीत. मलाच काय ते ठाव व्हतं की आज हे खरं बोलायलेत. तरी मी गप.

आबासाहेब पुढं बसले. मागं मधी कमलअक्का, एका अंगाला पार्वतीबाई, एका अंगाला मी. भिवरी शेजारणीपाशी दारात उभी. मी तिच्याकडं नीट बघून घेतलं, परत दिसती की न्हाई म्हून. ह्यांनी ब्रेक तीनदा दाबला. तिसऱ्यांदा पाय खालपर्यंत गेला, मी मागून बघितलं. तरी त्यांनी गाडी काढली.

अठरा मैल. दुसऱ्या गेरात गाडी नुसती कण्हायची. समोर मेंढरू दिसलं तरी हे दुरूनच गाडी मुंगीच्या पावलानं आणायचे. कमलअक्का माझा दंड धरून वरडायची, तिची नखं माझ्या मासात रुतलेली. पार्वतीबाई देवाची नावं घ्यायलेल्या. आन् आबासाहेब शिव्यांवर शिव्या. "दामट! पाय मोडलाय का तुझा? दामट म्हणलं ना!"

"न्हाई दामटणार," हे म्हणले.

सात वर्षांत आबासाहेबाला कुणी न्हाई म्हणलेलं मी ऐकलं नव्हतं. ह्यांची मान मागून दिसायली. घाम मानेवरून सदऱ्यात चाललेला, कान लाल झालेले, आन् स्टेरिंगवरचे हात एवढे कापायले की बांगड्या असत्या तर वाजल्या असत्या. भ्यायलेले व्हते, लय भ्यायलेले. मी बी. मला वाटायचं, आता सांगावं, वरडून सांगावं की ह्यांला बोलू नका, चूक माझीय. तोंड उघडायचे आन् परत मिटायचे.

मग ओढ्याचा उतार आला. खाली ओढ्यावरची अरुंद फरशी, आन् फरशीपासून पलीकडच्या चढावर उसाच्या बैलगाड्यांची रांग. सगळ्यात मागची गाडी चढाला अडलेली. बैल गुडघ्यावर आलेले, गाडीवान चाकामागं धोंडा लावायलेला, त्याची आमच्याकडं पाठ. उतारावर आमची गाडी पळायली. ह्यांनी पायाचा ब्रेक दाबला तो धपकन तळाला गेला. कायच लागलं न्हाई. आबासाहेबाची शिवी अर्ध्यात ऱ्हायली. त्यांनी ह्यांच्या पायाकडं बघितलं.

"धरा!" हे वरडले. गेर पयल्यात हाणला, इंजन असं किंचाळलं की मला वाटलं फुटलं. दोन्ही हातांनी हँडब्रेक वढला, सोडला, परत वढला. ऊस जवळ आला, लय जवळ, त्याची पानं काचेला लागली. मी कमलअक्काच्या पोटावर आडवी पडले न् डोळे मिटले. गाडी कडंच्या मुरमाच्या दरडीला खर्र करत घासत गेली आन् थांबली. डोळे उघडले तर गाडीवान माझ्या खिडकीतून आत बघायलेला. दार आन् त्याच्यात हातभर जागा नव्हती.

हे खाली उतरले, दरडीपाशी ओकले, तोंड पुसलं आन् परत येऊन बसले. गाडीवानांनी गाड्या कडंला घेतल्या. उरलेला सारा रस्ता आबासाहेब दोन्ही हात मांडीवर ठेवून गुमान बसले.

दवाखान्यात गेल्या गेल्या कमलअक्काला आत नेलं. दोन तासांनी नर्स बाहेर आली. मुलगी झाली, आई वाचली. पार्वतीबाई माझ्या गळ्यात पडून रडायल्या. मी बी रडले, पण माझं रडणं निराळं व्हतं. कारण तिकडं आबासाहेबानं सितारामला गाडीपाशी बोलावून घेतलं व्हतं.

सितारामनं टाकीचं झाकण काढलं, बोट बुडवलं, नाकाला लावलं. परत लावलं. "आबासाहेब, ह्याच्यात करडीचं तेल हाय की!" चाकापाशी रबर काढून दाखवलं, फुगून बोंडावाणी झालेलं. "दिवा खोटा नव्हता. माझंच चुकलं, मी वायर काढायला नको व्हती. आता सारे पाइप धुवावे लागतील, चारी चाकांची रबरं नवी, वरचं मोठं सिलेंडर बी. मग दिव्याची वायर जोडतो."

"तेल कुणी घातलं?" आबासाहेब एवढंच म्हणले. आवाज मोठा नव्हता. त्यामुळं मला जास्तच भ्या वाटलं.

मी तिथंच उभी. एक पाऊल पुढं टाकायचं व्हतं फक्त.

"मी," हे म्हणले. "ताप व्हता, डबी संपली व्हती. म्हणलं काय व्हतंय. वाटीभर ओतलं."

आबासाहेबाचा हात वर गेला. हे हलले न्हाईत, डोळे बी मिटले न्हाईत. कुत्रं भुंकलं तर माझ्या पदराआड लपणारा माणूस! हात तसाच खाली आला आन् आबासाहेबानं तळवा पसरला. "किल्ली." ह्यांनी करदोड्याला बांधलेली किल्ली सोडली. गाठ सुटंना, लय वेळ लागला. "लेकीला आणलीस म्हून सोडतो. उद्या खोली रिकामी कर."

आमी रिकाम्या उसाच्या गाडीवर बसून माघारी निघालो. गंगाखेड मागं पडल्यावर मी म्हणले, "काहून सांगितलंत? मी सांगणारच व्हते."

आता मात्र हे कापायले. दात वाजायले तापात वाजायचे तसे. म्हणले, "आबासाहेबाचा हात तुझ्यावर उठला असता. आन् मी नुसता बघत उभा ऱ्हायलो असतो. मला ठाव हाय ना मी कसा हाय ते. त्याचंच लय भ्या वाटलं गं."

मी त्यांचे दोन्ही हात माझ्या हातात धरून बसले. दुसरं काय करणार?

परत त्यांनी गाडीला हात लावला न्हाई. भावाच्या मेंढरामागं गेले, मरेपर्यंत मेंढरंच राखली. सोनपेठच्या बाजारात लोक अजून सांगत्यात, एक आश्रुबा ड्रायव्हर व्हता, त्यानं गाडीत फोडणीचं तेल ओतलं. पोटं धरून हसत्यात. मी भाजीची पाटी उचलून पुढं जाते. आबासाहेब गेले, पार्वतीबाई गेल्या. कमलअक्काची ती मुलगी मला मावशी म्हणती, तिला बी ठाव न्हाई. मी सांगणारच व्हते, असं त्या गाडीवर म्हणले ना, ते खोटं व्हतं. मी सांगणार नव्हते.